आत्या होण्याची तयारी



मागच्या रविवारी मी ट्रंकेच्या तळाशी ठेवलेलं कापड बाहेर काढलं. पांढरं सुती, हातमागाचं, चार मीटर. 2017 साली आचार्य श्री विद्यासागरजी महाराजांचा चातुर्मास रामटेकला होता, तेव्हा शांतिनाथ भगवंतांच्या दर्शनाला आम्ही दोघं गेलो होतो. आचार्यश्रींचा हातमागावर केवढा भर होता ते तुम्हाला ठाऊकच आहे. त्या दर्शनाची आठवण म्हणून मी हे कापड घेतलं. काय करणार म्हणून यांनी विचारलं, तेव्हा मी म्हटलं, "बघू." मनात मात्र ठरलेलं होतं. झबली, लंगोट आणि एक मऊ दुपटं. तेव्हा आमच्या लग्नाला आठ वर्षं झाली होती आणि मला अजून आशा होती.

आता सोळा वर्षं झाली. आमच्या घरी पाळणा हलला नाही. कापड तसंच घडी घातलेलं राहिलं. दर दिवाळीत काढायचं, ऊन दाखवायचं, घडी बदलून परत ठेवायचं. या दिवाळीत ते परत ठेवलं नाही. नागपूरला माझ्या धाकट्या भावाच्या घरी मार्गशीर्षात बाळ येणार आहे आणि मी आत्या होणार आहे.

वहिनीची आई नाही. ती कॉलेजात असतानाच गेली. माझ्या आईचे गुडघे आता तिला मांडी घालू देत नाहीत. मग बाळंतपण कोण करणार? तर ज्या बाईला स्वतःला बाळंतपण ठाऊक नाही तीच करणार. म्हणजे मी. ही तयारी कशी चालली आहे ते आज लिहिते.

आधी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. लिहायची लाज वाटते, पण इथे आपण एकमेकींना दाखवायला थोड्याच लिहितो!

दोन वर्षांपूर्वी वहिनीला पहिल्यांदा दिवस गेले होते. भावाने फोनवर सांगितलं, मी "अरे वा" म्हटलं आणि फोन ठेवून मोरीत जाऊन रडले. आठ दिवसांनी सगळे नागपूरला जमणार होते. मी ताप आल्याचं कळवलं. ताप नव्हता. पुढे तिसऱ्या महिन्यात तिचा गर्भ राहिला नाही. बातमी आली तेव्हा मी तांदूळ निवडत होते. हात थांबले आणि पहिला विचार आला तो हा, की माझीच दृष्ट लागली.

पुढे कितीतरी दिवस मी मंदिरात नीट बसू शकले नाही. शेवटी चातुर्मासातल्या एका माताजींपुढे मन मोकळं केलं. त्या रागावल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या की, प्रत्येक जीव आपल्याच कर्माने येतो आणि आपल्याच कर्माने जातो; तुझ्या विचाराने दुसऱ्याचं आयुष्य कमी होत असतं तर मग कर्मसिद्धांत कशाला हवा होता? माझ्या अंगावरून ओझं उतरलं असं वाटतं न वाटतं तोच त्यांनी पुढचं सांगितलं. तुझ्या ईर्ष्येने त्या बाळाचं काही झालं नाही, पण तुझं झालं. तो बंध तुझाच आहे आणि तो तूच सोडवायचा.

दृष्ट लागल्याचं भय एकीकडे आणि आपल्या परिणामांची जबाबदारी दुसरीकडे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला चाळिशीत कळलं.

यंदा दशलक्षण पर्व संपलं आणि क्षमावाणीचा दिवस आला. तुम्हाला माहीत आहे, हल्ली क्षमा कशी मागतात. हात जोडलेलं चित्र, खाली कमळ, एका बोटात दोनशे जणांना. मीही तेच करते. या वर्षी मात्र चित्र पाठवून झाल्यावर मी ओसरीत बसून वहिनीला फोन लावला. म्हटलं, "मागच्या वेळी मला ताप नव्हता. मला तुझा हेवा वाटला होता, म्हणून मी आले नाही. उत्तम क्षमा."

पलीकडे काहीच आवाज नाही. फोन कट झाला की काय म्हणून मी बघितलंसुद्धा. मग ती म्हणाली, "ताई, मला तेव्हाच कळलं होतं. तुमच्या जागी मी असते तर मीही आले नसते." थोडं थांबून म्हणाली, "पण आता या. आई नाही मला. तुम्ही याल ना बाळंतपणाला?"

तेव्हा तिला सहावा महिना होता. त्या दिवसापासून माझी तयारी सुरू झाली.

सातव्या महिन्यात, आश्विनात, डोहाळजेवण ठेवलं. मोहाडीहून भंडारा आणि भंडाऱ्याहून दुसरी बस धरून मी नागपूरला गेले. ओटीसाठी घरचा चिन्नोर तांदूळ नेला होता. पिशवी उघडली की त्याचा वास खोलीभर पसरतो. ताट तयार झालं, खण-नारळ ठेवलं, तेवढ्यात आमच्यातल्या एका वडीलधाऱ्या बाईंनी हळू आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतपत, सांगितलं, "पहिली ओटी लेकुरवाळीने भरावी."

त्यांच्या मनात वाईट नव्हतं हे मला कळत होतं. त्यांना कुणीतरी शिकवलं, त्यांनी पुढे सांगितलं. मी ताट खाली ठेवायला वाकले. वहिनी पाटावर बसूनच म्हणाली, "मामी, माझं बाळंतपण ताई करणार आहेत. अंघोळ त्या घालणार, नाव कानात त्या सांगणार. मग ओटीच कशी चालत नाही?" आणि तिने आपला पदर माझ्यासमोर धरला. मी ओटी भरली. हात थरथरत होते, चार दाणे पाटावर सांडले. माझ्यानंतर त्या मामींनीही भरली आणि जाताना माझ्या हातात स्वतः केलेल्या चकल्यांचा डबा दिला. माफी अशीही मागता येते.

आता रोजच्या दिवसाचं सांगते. मोहाडीतला माझा दिवस तुम्हाला पाठ असेल. पहाटे पाणी गाळायचं, दारात रांगोळी, दर्शन, मग स्वयंपाक. दुपारी यांचं जेवण झालं, हे दुकानात गेले की दोन तास माझे. त्यात पेपरातलं शब्दकोडं, थोडं भरतकाम आणि या दिवसांत बाजारात येणारे शिंगाडे. आपला जिल्हा तलावांचा. आश्विन-कार्तिकात उकडलेले काळे शिंगाडे पाटीत घेऊन बायका बसतात. सोलताना बोटं काळी होतात, पण खिडकीत बसून एकेक सोलून खाण्यासारखं सुख नाही.

वहिनीला पोटातल्या बाळाच्या भाराने झोप येत नाही, दिवस लांबतो, नाही नाही ते विचार येतात. एकदा गर्भ गेलेल्या बाईला भीती वाटणारच. "घाबरू नको" म्हणून भीती जात नाही, हे मला चांगलं माहीत आहे. मग काय करावं? तेव्हा मला आदिपुराण आठवलं.

आचार्य जिनसेनांनी नवव्या शतकात रचलेल्या आदिपुराणात मरुदेवी मातेच्या गर्भकाळाचं वर्णन आहे. सोळा स्वप्नं आपण सगळ्याच जाणतो, पंचकल्याणकात बघतो. पण देवींनी तिची सेवा कशी केली तो भाग कधी निवांत वाचा. कुणी तिला अंघोळ घालते, कुणी दागिने चढवते, कुणी आरसा धरते, कुणी गाते-नाचते. आणि काही देवी तिला कोडी घालतात! अक्षरं लपवलेली, अर्थ दडवलेली कोडी, आणि माता हसत हसत उत्तरं देते. मी हे आधी दोनदा वाचलं होतं, पण लक्ष सगळं स्वप्नांकडे. यंदा कळलं की आचार्यांना हे लिहावंसं का वाटलं असेल. जड पावलांच्या बाईला उपदेश फार करू नये, तिचं मन रमवावं. तीर्थंकरांच्या मातेलाही ते लागलं, मग आमच्या वहिनीला का नको?

त्या दिवसापासून मी रोज दुपारी वहिनीला फोनवर एक कोडं पाठवते. पुस्तकातलं नाही, माझं मीच जुळवलेलं. पहिलं होतं, "पाण्यात जन्मतो, अंगावर शिंगं आहेत, पण कुणाला मारत नाही, असा अहिंसक कोण?" तिने दोन मिनिटांत लिहिलं, शिंगाडा. दुसरं, "दिवसभर इकडून तिकडे पळतो, पण घर सोडत नाही, त्याच्या पळण्याने लोकांचं अंग झाकतं." हे नागपूरच्या मुलीला आलं नाही. उत्तर धोटा, मागावरचा. मग मी तिला धोट्याचा आवाज फोनमध्ये भरून पाठवला, कारण आमच्या मागच्या गल्लीत अजून माग चालतो. परवा तिनेच मला उलट कोडं घातलं. "घरात राहतो, भाडं देत नाही, रात्री मालकिणीला लाथा मारतो, तरी सगळ्यांचा लाडका." मी उत्तर दिलं नाही. नुसती हसत बसले.

धोट्याचं निघालं म्हणून सांगते. मोहाडी आणि आंधळगाव हा कोशाच्या कापडाचा मुलूख. करवतकाठी साड्या इथल्या हातांनी विणल्या आहेत. मागच्या गल्लीतल्या विणकर काकूंनी बाळासाठी कोशाचा तुकडा देऊ केला, टोपड्याला. किती माया असते त्यामागे! पण कोशाचा अखंड धागा मिळवायचा तर आतल्या जिवासकट कोश उकळावा लागतो, आणि ज्या बाळाच्या कानात पहिला णमोकार जाणार त्याच्या डोक्यावर ते नको. हे सांगायचं कसं? त्यांच्या पोटाचा धंदा आहे तो. मी नुसतं म्हटलं, "काकू, आमच्यात कोसा चालत नाही, पण तुमच्या हातचं काहीतरी हवंच." त्या म्हणाल्या, "माहीत आहे ना, विसरले." दुसऱ्या दिवशी जुन्या सुती लुगड्याचा तुकडा आणून दिला, धुऊन धुऊन लोण्यासारखा मऊ झालेला. टोपडं त्याचंच होणार. नियम पाळताना समोरच्याचा हात झिडकारला जाऊ नये, एवढं जपलं की पुष्कळ होतं.

भरतकामाची तर गंमतच झाली. मी उत्साहाने सोळा चौकोनांची गोधडी आखली. प्रत्येक चौकोनात एक स्वप्न. ऐरावत, वृषभ, सिंह, लक्ष्मी, दोन माळा, चंद्र, सूर्य, कलश, मासे असं करत सरोवरापर्यंत आले. सिंह मांजरासारखा दिसतो हे यांनी सांगितलं, मी मान्य केलं नाही. एक दिवस सासूबाई चष्मा लावून जवळ आल्या, बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "सुंदर झालंय ग. पण यावर बाळ शू करेल ना?"

मी सुई हातात धरून बसून राहिले. खरंच की! मंगल स्वप्नं काढायची आणि त्यावर ओले लंगोट? अशातनेचा विचार माझ्या डोक्यातच आला नव्हता. आता ती गोधडी राहिली नाही, पाळण्यासमोर भिंतीवर टांगायचा पडदा झाला आहे. आणि अंगाखालच्या गोधडीसाठी सासूबाईंनी आपल्या दोन जुन्या साड्या काढून दिल्या. सोळावं स्वप्न तेवढं राहिलं आहे, निर्धूम अग्नी. धूर नसलेला अग्नी दोऱ्याने दाखवायचा कसा म्हणून मी दोन दिवस अडले. सासूबाई म्हणाल्या, "धूर काढू नकोस, म्हणजे झालं." सोपं होतं. माझ्या मनातल्या धुराला मात्र दोन वर्षं लागली.

आता स्वयंपाकघर. बाळंतिणीच्या खाण्यात लसूण भरपूर घालतात, आपल्याकडे तो नाही. ओलं आलंही नाही. पण सुंठ आहे, ओवा, बाळंतशोपा, मेथी, अळीव, खारीक, खोबरं, डिंक, गोडंबी आहे. एवढं असताना काही उणं पडत नाही. लाडू मात्र एकदम डबाभर करून ठेवणार नाही. पिठाची मर्यादा हिवाळ्यात सात दिवस, म्हणून दर आठवड्याला थोडे थोडे ताजे. काम वाढतं, पण चवही ताजी राहते. वहिनी लहानपणापासून रात्री जेवत नाही. डॉक्टरांनी थोडं थोडं, पण वारंवार खायला सांगितलं, तेव्हा सकाळपासून सूर्यास्तापर्यंत पाच खाणी वाटून घेतली. नियम घेतानाच तिने रात्री औषध, पाणी आणि दूध यांची सूट ठेवली होती, ती आता उपयोगी पडते आहे. नियम घेताना विचार करून घ्यावा तो असा.

जन्मल्यावर बाळाला मध चाटवायची पद्धत अनेक घरांत आहे. आपल्याकडे मद्य, मांस, मधु आणि पाच उदुंबर फळं यांचा त्याग म्हणजे अष्टमूलगुण. पंचेचाळीस दिवसांनी बाळाला मंदिरात नेऊन हेच त्याला धारण करवतात, आणि ते आठ वर्षांचं होईपर्यंत सांभाळायची जबाबदारी आईवडिलांची. तेव्हा मधाचा प्रश्नच नाही. आणि आता डॉक्टरही सांगतात की एक वर्षाच्या आत बाळाला मध देऊच नये, त्याने घातक आजार होऊ शकतो. शेजारपाजारचं कुणी बोट पुढे केलं तर आपल्याला धर्माचं कारण नको वाटत असेल तर डॉक्टरांचं सांगा.

अंघोळ घालायला मात्र मी घाबरले होते. आमच्या वाड्यातल्या आजींनी पाय लांब करून बसायला शिकवलं. पायांवर उशी ठेवून रोज सराव चालतो. मान कशी धरायची, पालथं कसं घालायचं, पाणी आधी आपल्या कोपराला लावून कसं बघायचं. बाळाच्या अंघोळीचं पाणीही गाळूनच घ्यायचं. एकदा उशी घसरून पडली आणि यांनी दारातूनच ओरडून विचारलं, "लागलं का बाळाला?" आम्ही दोघंही हसलो. कितीतरी दिवसांनी या विषयावर आमच्या घरात हसू आलं.

एक भांडण मात्र चालू आहे, आईशी. आईचं म्हणणं, बाळ हाती येईपर्यंत काही शिवू नये, मागच्या वेळेसारखं झालं तर? तिला मी काय सांगणार? दुःख झालं की आपण कशालाही धरतो. मीही धरलं होतं. लग्नाच्या दहाव्या वर्षी सासरी-माहेरी कुणाला न सांगता मी एका ठिकाणी नवस बोलून आले होते. मिथ्यात्व आहे हे माहीत असून. आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, आज तुम्हाला सांगितलं. म्हणून आईवर मला राग येत नाही. मी तिला एवढंच म्हटलं, "आई, झबलं शिवल्याने काही बिघडत नाही आणि न शिवल्याने काही वाचत नाही. झबल्याची गरज असलेलं बाळ कुठे ना कुठे असतंच." आई अजून गप्प आहे. पण काल तिने फोनवर विचारलं, बंद मागे ठेवलेस की पुढे? म्हणजे बर्फ थोडा वितळला असावा.

आणि ते कापड? कार्तिकाची अष्टान्हिका संपली आणि मी ते पाण्यात घातलं. हातमागाच्या कापडाची खळ निघायला चार धुण्या लागल्या. वाळवून, इस्त्री करून पाटावर पसरलं. कात्री कुठे आहे म्हणून शोधायला गेले तर जागेवर नाही. संध्याकाळी हे दुकानातून आले आणि खिशातून कागदात गुंडाळलेली कात्री काढून माझ्यापुढे ठेवली. धार लावून आणली होती. हे काही बोलले नाहीत, मीही नाही. कापड कशासाठी घेतलं होतं हे रामटेकच्या त्या दिवशीच त्यांना कळलं होतं तर.

पहिली कात्री लावताना वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? वाटलंच. ईर्ष्या गेली, पण इच्छा अजून पुरती गेलेली नाही. कधी जाईल माहीत नाही. पण चार मीटरांतून सहा झबली, बारा लंगोट आणि एक दुपटं निघालं, आणि शिवता शिवता माझ्या लक्षात आलं की मी प्रत्येक टाक्याबरोबर णमोकार म्हणते आहे. सुतकाचे दिवस येतील, अभिषेक-पूजा थांबेल, पण मनातल्या णमोकाराला कुठलं सूतक आड येत नाही.

बारशाला आत्याने कानात नाव सांगायचं आणि बाकीच्यांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे. नाव काय ते मी आत्ता सांगणार नाही. ठरलं आहे, एवढंच. पुढच्या आठवड्यात मी नागपूरला जाते आहे, दीड-दोन महिन्यांसाठी. सासूबाई म्हणाल्या, "इकडची काळजी करू नको, रांगोळी मी काढीन." यांच्या डब्याची सोय लावली आहे. शब्दकोड्यांची कात्रणं बरोबर घेतली आहेत, आणि शिंगाड्याच्या पिठाची पुडी.

तुमच्यापैकी ज्यांनी बाळंतपणं केली आहेत त्यांनी मला आठवेल ते सांगा, लहानसहान गोष्टसुद्धा. आणि ज्या माझ्यासारख्या आहेत, ज्यांच्या ट्रंकेत असंच काहीतरी घडी घालून ठेवलेलं आहे, त्यांना माझा वेगळा जय जिनेंद्र. कापड काढा असं मी सांगणार नाही. ज्याची त्याची वेळ असते. फक्त अधूनमधून त्याला ऊन दाखवत राहा.